पाहुणीची फाईल

८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ गेली, तेव्हा आमच्या पाहुणीला फ्रान्समधल्या लियोंला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली पाव आणायला गेली आणि बराच वेळ परतलीच नाही. बेकरीवालीने काउंटरवरून वाकून तिचा हात हातात घेतला होता. रांगेतल्या दोन आजीबाईंनी राणीच्या टोप्यांपासून डायनापर्यंत सगळं उकरून काढलं होतं. स्वतःच्या राजाराणीची मुंडकी उडवलेल्या या देशाला दुसऱ्यांच्या राण्यांचा भारी कळवळा! पाहुणी शेफील्डची. तिच्या घरी राजघराण्याचं कुणाला सोयरसुतक नाही, पण सांत्वनाला आलेल्या माणसाला तसं सांगायचं कसं? 'मेर्सी मादाम, मेर्सी मादाम' म्हणत ती पावाची लांब काठी काखेत मारून परत आली. संध्याकाळी शेजारच्या मादामनी जिन्यात मलाही गाठलं. भारत म्हणजे तुमचंही थोडंफार नातं होतंच की, म्हणाल्या. यावर काय बोलणार? मीही 'मेर्सी' म्हटलं.

ही पाहुणी आमच्याकडे भाड्याने राहत होती. उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात फ्रेंच आणि इतिहास शिकणारी, विशीतली. ब्रिटनमध्ये भाषेची पदवी बहुधा चार वर्षांची असते आणि तिसरं वर्ष ती भाषा बोलणाऱ्या देशात काढायचं असतं. कुणी तिथल्या विद्यापीठात बसतं, कुणी शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक होतं, कुणी एखाद्या कंपनीत उमेदवारी करतं. हिने विद्यापीठ घेतलं. यजमान विद्यापीठ फी घेत नाही. घरच्या विद्यापीठाला त्या वर्षी नेहमीच्या फीच्या जास्तीत जास्त १५ टक्के घेता येतात. म्हणजे तेव्हा ९,२५० पौंडांच्या जागी १,३८५ होते. कागदावर एवढंच. बाकीचं सगळं ज्याचं त्याने निस्तरायचं.

आणि निस्तरायचं बरंच असतं. १९८७ साली 'इरॅस्मस' ही युरोपातली विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या अकरा देशांत ब्रिटन होतं. त्यानंतर तेहेतीस वर्षं ब्रिटिश पोरं पाठीवर पिशवी टाकून नुसती गाडीत बसायची. विसा नाही, परवाना नाही. वर थोडी शिष्यवृत्ती. ब्रेक्झिटनंतर सरकारने तेही दार लावून घेतलं. मग २०२१ पासून ॲलन ट्युरिंगच्या नावाची स्वतःची योजना काढली. ती बाहेर जाणाऱ्यांना पैसे देते. ब्रिटनमध्ये येणाऱ्यांना काही देत नाही. यामुळे पाहुणीच्या वाट्याला जे आलं, ते तिच्या आधीच्या पिढीला माहीतच नव्हतं: ऑनलाइन नोंदणी, विसा केंद्रावर बोटांचे ठसे, दरमहा ६१५ युरो खर्चायची ऐपत असल्याचा पुरावा, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्या विसाची पुन्हा ऑनलाइन नोंद, ५० युरोंचा स्टॅम्प भरून. तिची मोठी मावसबहीण २०१४ साली ग्रनोब्लला राहून गेली होती. तिला यातलं काही सांगितलं की ती फोनवर म्हणायची, "छे, असं कसं असेल?"

आम्ही दोघं नवरा-बायको हे ऐकून गालात हसत होतो, हे कबूल करायला हवं. पंचवीस वर्षं ज्यांनी विसाच्या रांगा, बँकेची स्टेटमेंटं आणि 'एक प्रत कमी आहे' ऐकत काढली, त्यांना ब्रिटिश पासपोर्टवाली पोरगी त्याच रांगेत उभी बघून थोडं बरं वाटतंच. हा आनंद काही फार थोर नव्हे. तो टिकलाही नाही. एका रविवारी ती जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरून रडवेली बसली आणि आमच्यातला जुना अनुभवी कारकून जागा झाला.

त्या टेबलाआधी घराबद्दल सांगायला हवं. तिला जागा मिळाली, ती या घरामुळेच. लियोंमध्ये रोन आणि सोन या दोन नद्या. त्यांच्या अवतीभवती दोन टेकड्या. फुर्व्हिएरच्या टेकडीवर बॅसिलिका आहे, म्हणून ती प्रार्थना करणारी टेकडी. आमची क्रुआ-रूस ही काम करणारी. एकोणिसाव्या शतकात इथे रेशीम विणणारे विणकर राहत. त्यांना 'कानू' म्हणतात. १८०४ च्या सुमारास याच शहरातल्या जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग तयार केला. तोच जॅकार्ड आज येवल्या-इचलकरंजीत लोकांच्या तोंडी आहे. हा माग अवाढव्य उंच. तो मावावा म्हणून इथल्या घरांची छतं चार-चार मीटर उंच बांधली गेली. खिडक्याही तशाच उंच, कारण रेशमाचे रंग उजेडात बघावे लागतात. माग खाली खडखडायचा आणि कुटुंब पोटमाळ्यावर निजायचं. याच घरांतल्या विणकरांनी मजुरीच्या दरासाठी १८३१ आणि १८३४ मध्ये उठाव केले, आणि लष्कर आणून ते चिरडले गेले. आता माग गेले, पोटमाळे उरले. विणकराची पोरं जिथे झोपायची, तिथे आता विद्यार्थी भाडं भरून झोपतात. पाहुणीचा पलंग आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर होता. फोडणीचा पहिला ठसका तिलाच लागायचा.

तर टेबलावरचे कागद. फ्रान्समध्ये कुठलंही काम 'दोसिए'शिवाय होत नाही. दोसिए म्हणजे आपली फाईल. पाहुणीला बँकेत खातं हवं होतं. खात्यासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे स्वतःच्या नावाचं विजेचं किंवा फोनचं बिल. फोनचं कनेक्शन घ्यायचं तर फ्रेंच बँकेचा खाते क्रमांक द्यावा लागतो. खाते क्रमांकासाठी खातं. शेफील्डमध्ये हे सगळं मोबाईलवर चहा पिता पिता उरकतं, असं ती म्हणे. इथे बँकेतल्या बाईंनी भेटीची वेळ दिली, ती तीन आठवड्यांनंतरची. त्या भेटीत एक कागद कमी निघाला आणि पुढची वेळ मिळाली.

या चक्रातून सुटायची एक कळ असते, आणि ती आम्हाला माहीत होती. ज्याच्या घरी राहता, त्याने लिहून द्यायचं. मी कोरा कागद घेतला आणि हाताने लिहिलं: मी, खाली सही करणारी, अमुक दिवशी अमुक गावी जन्मलेली, प्रामाणिकपणे प्रमाणित करते की ब्रिटिश नागरिक अमुक ही माझ्या राहत्या घरी अमुक तारखेपासून राहत आहे. जन्मगावाच्या जागी मी सातारा लिहिलं. सोबत माझ्या निवासपरवान्याची दोन्ही बाजूंची प्रत आणि तीन महिन्यांच्या आतलं विजेचं बिल जोडलं. पाहुणीने तो कागद दोनदा वाचला. मग परवान्याची प्रत उलटीसुलटी करून विचारलं, "म्हणजे तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे, माझ्यावर नाही?" विश्वास माझ्यावर नव्हे, विजेच्या बिलावर आहे, असं मी तिला समजावलं. माझे आजोबा १९४२ मध्ये याच कन्येच्या देशाविरुद्ध घोषणा देऊन तुरुंगात जाऊन आले होते. त्यांनी हे हमीपत्र बघितलं असतं तर आधी हसले असते आणि मग शुद्धलेखन तपासलं असतं.

खातं उघडलं. मग फोन आला, घराचा विमा आला; इथे भाडेकरूलाही विमा लागतो. तिने गडद निळ्या रंगाची, रबर लावलेली फाईल विकत आणली आणि आत रंगीत दुभाजक घातले. नाताळपर्यंत ती फाईल आमच्या फाईलपेक्षा जाड झाली.

विद्यापीठात वेगळीच दुनिया. लियोंमध्ये तीन मोठी सरकारी विद्यापीठं आहेत. एकाचा बराच भाग तंबाखूच्या जुन्या कारखान्यात आहे आणि तो वाडा बघण्यासारखा आहे. पाहुणीचे वर्ग दोन जातींचे. एक भलंमोठं व्याख्यान: प्राध्यापक येऊन पावणेदोन तास वाचतो, आणि पोरं त्याचा शब्द न् शब्द टाईप करतात. एकदा त्याने खोकून 'माफ करा' म्हटलं, तर शेजारच्या मुलीने तेही टाईप केल्याचं पाहुणीने शपथेवर सांगितलं. दुसरे छोटे वर्ग. तिथे हजेरी घेतात, तोंडी सादरीकरण करायला लावतात, आणि त्याची मांडणी तीन भागांत नसेल तर मजकूर कितीही चांगला असो, मास्तरांचं तोंड वाकडं होतं. आधी एक बाजू, मग दुसरी, मग दोन्हींचा मेळ. इंग्लंडमध्ये तिला शिकवलं होतं की पहिल्याच परिच्छेदात आपलं मत ठोकून द्यायचं. इथे पहिल्या निबंधावर लाल शाईत शेरा आला: 'आराखडा नाही.' गुण वीसपैकी नऊ.

ते नऊ गुण तिने आठवडाभर उराशी कवटाळले. मग कळलं की दहाला पास, बाराला ठीक, चौदाला कौतुक आणि सोळाला घरी फोन करायचा. वीस कुणाला देतात, असं विचारलं तर वर्गमैत्रीण म्हणाली, देवाला. आणि प्राध्यापक स्वतःला एकोणीस देतात. इंग्लंडमध्येही शंभरपैकी सत्तरला प्रथम वर्ग धरतात, त्यामुळे हा कंजूषपणा तिला पचला. आमच्या पुण्याच्या भाच्याला नव्याण्णव टक्क्यांतला एक टक्का कुठे गेला ते विचारतात. त्याला मी हे सांगितलं, तेव्हा त्याने लियोंचा प्रवेश अर्ज कुठे मिळतो ते विचारलं.

परीक्षेची उत्तरपत्रिकाही तिने घरी आणून दाखवली. जोडपान, बारीक आडव्या ओळींचं आणि उभ्या चौकटींचं; नाव लिहायचा कोपरा दुमडून चिकटवायचा. फ्रेंच मूल सहाव्या वर्षी अशा चौकटींत अक्षर गिरवायला लागतं, आणि म्हणून देशभर सगळ्यांचं वळणदार हस्ताक्षर एकाच घरातलं वाटतं. पाहुणीचं अक्षर डॉक्टरी. ती पेपरला बसायच्या आधी आमच्या चिरंजीवांकडून, वय वर्षं बारा, जोडून अक्षरं काढायला शिकून घ्यायची.

या चिरंजीवांनीच तिची भाषा बिघडवली, म्हणजे सुधारली. आल्या आल्या ती इतकं पुस्तकी फ्रेंच बोलायची की पोरगा म्हणाला, "तू बातम्या देतेस का?" मी स्वतः पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले. पहिल्या वर्षी माझीही तीच गत होती, त्यामुळे मी गप्प बसले. तिला खरा त्रास निराळाच होता. फ्रेंच बोलायला तोंड उघडलं की समोरचा तिचे उच्चार ऐकून लगेच इंग्रजीवर यायचा. कॅफेतला पोऱ्या, ग्रंथालयातला तरुण, वर्गातली मुलं: सगळ्यांना आपलं इंग्रजी पाजळून घ्यायचं. मी बोलले तर कुणी इंग्रजीवर येत नाही. मी पोर्तुगालची की मॉरिशसची एवढाच प्रश्न पडतो. या बाबतीत तिच्यापेक्षा माझं नशीब बरं. आमच्या घरात मात्र नियम ठरला: उंबरठ्याच्या आत इंग्रजी बंद. माझ्याशी ती कितीतरी महिने अहो-जाहो करत होती, पोराशी पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. कोण केव्हा कुणाला एकेरीत हाक मारतं, हा हिशेब इंग्रज माणसाला कळत नाही. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

आणि ज्या इंग्रजीपासून पळायला ती आली, त्याच इंग्रजीने तिला पैसे दिले. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला ९६४ तास काम करता येतं. बुधवारी दुपारी शाळा सुटली की क्रुआ-रूसवरच्या एका सुखवस्तू घरातल्या दोन मुलांना आणायचं, खाऊ द्यायचा आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी फक्त इंग्रजीत बोलायचं, हे तिचं काम. लियोंच्या आयांना पोरांच्या तोंडी शेफील्डचे उच्चार आलेले चालतात, कारण त्यांना ते ओळखू येत नाहीत. तिची एक मैत्रीण तासाभरावरच्या सेंतेतिएनला सरकारी शाळेत सहायक होती: आठवड्याला बारा तास, ऑक्टोबर ते एप्रिल, पगारी. ती पैशाने निवांत होती आणि एकटेपणाने गांजलेली. शिक्षकांच्या खोलीत तिच्याशी कुणी बोलायचं नाही. शनिवारी आमच्याकडे येऊन दोन वाट्या वरण-भात जेवायची आणि पोटमाळ्यावर झोपायची.

जेवणाचं सांगायचं तर दुपारी विद्यार्थी भोजनालय. तेव्हा ३.३० युरोंत सुरुवातीची प्लेट, मुख्य पदार्थ आणि शेवटी गोड मिळायचं. सरकारी शिष्यवृत्ती असलेल्यांना तेच एका युरोत मिळायचं. शेफील्डमध्ये दुपारी संगणकासमोर बसून थंड सँडविच चावणाऱ्या मुलीला बारा वाजता सगळं शहर ताटावर बसतं, याचं नवल वाटलं. पाच-सहा जण एकत्र ट्रे घेऊन बसतात आणि तासभर उठत नाहीत. तिला फ्रेंच मैत्रिणी मिळाल्या त्या वर्गात नव्हे, या टेबलांवर. रविवारी मात्र दुकानं बंद. तेव्हा सकाळी आमच्या बुलव्हारवरच्या बाजारात जाऊन भाजी, चीज आणि भाजलेली कोंबडी आणायची. पहिल्या रविवारी ती संध्याकाळी दूध आणायला निघाली, तेव्हा मी तिला अडवलंच नाही. काही गोष्टी चालून शिकलेल्या बऱ्या.

दुधावरून चहा. चहावर आमची आणि तिची युती झाली ती टिकली. फ्रेंच कॅफेत चहा मागितला की कोमट पाण्याची किटली येते आणि बशीत बाजूला पुडी असते. ते पाणी उकळतं असायला हवं, हे या देशाला कुणी सांगत नाही. वर दुकानात मांडणीभर दूध असतं ते महिनोन्‌महिने टिकणारं; ताज्या दुधाला कोपऱ्यातलं एक फडताळ. पाहुणी येताना यॉर्कशायर टीचं भलंमोठं खोकं घेऊन आली होती. मी आलं ठेचून, दूध-पाणी-पत्ती एकत्र उकळते हे तिने पहिल्यांदा बघितलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. यॉर्कशायरच्या पुड्या फोडून मी पातेल्यात टाकल्या त्या दिवशी ती स्वयंपाकघरातून निघून गेली. फेब्रुवारीत ती स्वतः आलं ठेचत होती. पुड्या मात्र फोडू देईना.

तो हिवाळा विजेच्या काटकसरीचा. युक्रेनच्या युद्धामुळे गॅस महागलेला आणि सरकारचं आवाहन: घरं १९ अंशांवर ठेवा. चार मीटर उंच छताच्या घरात १९ अंश म्हणजे खाली बारीक गारठा आणि सगळी ऊब वर पोटमाळ्यावर. आम्ही स्वेटर घालून बसायचो, भाडेकरू वर बाह्या सरसावून अभ्यास करायची.

डिसेंबरमध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. लियोंमध्ये ८ डिसेंबरला घराघरांच्या खिडक्यांत काचेच्या छोट्या पेल्यांतून मेणबत्त्या लावतात. १८५२ मध्ये फुर्व्हिएरला मेरीची नवी मूर्ती बसवायची होती. सप्टेंबरमध्ये सोनला पूर आल्याने समारंभ डिसेंबरवर गेला. ८ डिसेंबरला वादळ आलं, आतषबाजी रद्द व्हायच्या बेतात आली. मग आभाळ मोकळं झालं आणि लोकांनी आपणहून खिडक्यांत दिवे लावले. आता त्याचा चार रात्रींचा प्रचंड सोहळा झालाय. इमारतींवर प्रकाशचित्रं, लाखोंची गर्दी, मेट्रोत शिरता येत नाही. आमच्या गल्लीत अजून पणत्यांसारख्या त्या मेणबत्त्या लागतात, आणि दिवाळीच्या उरलेल्या वाती मी त्यांच्याच रांगेत लावून टाकते. पाहुणीने तिच्या खिडकीत पेले मांडले, वारा आला की परत पेटवत राहिली.

पण त्या वर्षी शनिवारी, १० डिसेंबरला, फुटबॉलच्या विश्वचषकात इंग्लंड आणि फ्रान्सचा उपांत्यपूर्व सामना होता. जुन्या शहरातल्या एका पबमध्ये ती आणि तिच्यासारख्या दहा-बारा जणी. बाहेर रोषणाई बघायला आलेली गर्दी खिडकीतून आत डोकावत होती. इंग्लंडच्या हॅरी केनने एक पेनल्टी मारली, बरोबरी झाली. फ्रान्सच्या जिरूने डोक्याने गोल केला. शेवटी केनला दुसरी पेनल्टी मिळाली आणि त्याने ती आभाळात मारली. २-१. त्या क्षणी अख्ख्या पबने तिला मिठी मारली, असं ती म्हणाली. आणि तो दिवस तिने फ्रेंचमध्ये मनापासून शिव्या दिलेला पहिला दिवस. चिरंजीवांना तिने त्या सगळ्या म्हणून दाखवल्या. त्यांनी दोन उच्चार दुरुस्त केले.

वसंतात संप. निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करायचा कायदा सरकारने १६ मार्च २०२३ रोजी संसदेत मत न घेता रेटला. आठवड्यागणिक मोर्चे निघत होते, आणि लियोंमधले मोर्चे त्या तंबाखूच्या कारखान्यापाशी जमून नदी ओलांडून बेलकूर चौकाकडे जायचे. ब्रिटनमध्येही त्याआधी प्राध्यापक संपावर गेले होते, त्यामुळे बुडालेले तास तिला नवे नव्हते. नवं हे की इथे विद्यार्थीच फाटकापुढे खुर्च्या आणि कचऱ्याचे डबे रचून बसले होते. वीस वर्षांची मुलं चौसष्टाव्या वर्षासाठी का भांडतात, हे तिला पहिल्यांदा कळेना. भोजनालयातल्या त्या टेबलावर यावर तीन दिवस वाद चालला. मग एका गुरुवारी ती घसा बसवून परतली. काय ओरडत होतीस, विचारलं तर म्हणाली, सगळे ओरडत होते ते. माझ्या मते तिच्या त्या वर्षातला सर्वांत चांगला धडा हाच. त्याचे गुण कुणी दिले नाहीत.

इंग्लंडला परतल्यावर वर्षाचे गुण नुसतं 'उत्तीर्ण' म्हणून धरले गेले. ते नऊ, ते चौदा, सगळं एका शब्दात. आता ब्रिटन २०२७ पासून इरॅस्मसमध्ये परत येणार आहे. पैसे मिळतील, विसा आणि फाईल सुटणार नाही.

पाहुणी परत जायच्या आधी, जूनमध्ये, पोटमाळा बघायला कार्डिफची एक मुलगी आली होती. मी चहा टाकत होते, म्हणून घर दाखवायचं काम पाहुणीने घेतलं. नव्या मुलीने शिडी बघून इंग्रजीत काहीतरी विचारलं. पाहुणीने फ्रेंचमध्ये उत्तर दिलं. तिने पुन्हा इंग्रजीत विचारलं, खिडकीतून नदी दिसते का? "दिसते, पण ते नंतर," पाहुणी फ्रेंचमध्येच म्हणाली. "आधी विमा, मग बँक, मग फोन. मादामकडून पत्र घे, सोबत विजेचं बिल. तीन महिन्यांच्या आतलं. प्रती किती आणल्या आहेस?" दोन, असं उत्तर आलं. पाहुणीने स्वयंपाकघरात डोकावून माझ्याकडे बघितलं आणि मराठीत, जो एकच शब्द तिला नीट येत होता तो, म्हणाली: "अरेरे."